बीजकेंद्रातले चोरीला गेलेले सूक्ष्मदर्शक

माझ्या नोकरीतले खून आणि दरोडे आता बरेचसे धूसर झाले आहेत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझ्या हद्दीत झालेली एक साधी चोरी मात्र बारीकसारीक तपशिलांसह लक्षात आहे. तिच्यापायी माझ्या सेवापुस्तकात ठपका बसला, हेही त्याचे एक कारण.

शिपाई म्हणून भरती होऊन मी फौजदार झालो होतो. अड्याळच्या पुढे, जंगलाला लागून, कोसा रेशमाच्या किड्यांचे एक सरकारी बीजकेंद्र होते. तिथल्या तंत्रज्ञ बाई एका सकाळी ठाण्यात आल्या. केंद्रातले एकुलते एक सूक्ष्मदर्शक यंत्र लाकडी पेटीसकट गेले होते.

ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहायला घेतली आणि किंमत विचारली.

"किमतीचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "माझ्या हातात सहा दिवस आहेत."

मग त्यांनी समजावून सांगितले. आजूबाजूच्या गावांतले लोक बियाण्याचे कोसे केंद्रात आणून देत. त्यांतून पाखरे निघत, माद्या अंडी घालत. प्रत्येक मादीची अंडी वेगळ्या डबीत, डबीवर नंबर. त्यानंतर मादीचे पोट खलात पाण्याबरोबर घोटून त्याचा थेंब काचेवर घ्यायचा आणि यंत्राखाली तपासायचा. रोगाचे कण दिसले की ती डबी जाळायची, कारण आईचा रोग अंड्यांत उतरतो. न तपासता अंडी वाटली, तर येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर सोडलेले किडे काळे पडून मरतात आणि शेजारच्या झाडावरचेही सोबत नेतात. सहा दिवसांत अंडी फुटणार होती. चाळीसेक घरांचे वर्ष त्यावर अवलंबून होते.

मी चूक केली ती इथे. चोरी म्हणजे विक्री, असे धरून मी वरठी स्टेशनावर माणूस बसवला आणि स्वतः भंगारवाल्यांकडे गेलो. जवाहरनगरच्या रस्त्यावर एक जुना भंगारवाला होता. घासाघीस करण्यात त्याची आणि माझी बरोबरी.

"साहेब, पितळ असतं तर मी घेतलंबी असतं," तो तोंडावर म्हणाला. "पण हे भिंग मी इकू कोनाले? या जिल्ह्यात त्यात पाहणारे चार माणसं!"

मी तिथल्या तिथे त्याच्यावर ओरडलो. पण परत येताना त्याचे म्हणणे पटले. यंत्र विकायला नेलेच नव्हते. ते वापरता येऊ नये म्हणून नेले होते.

दुसऱ्या दिवशी हवालदाराने बाजारातून खबर आणली. चहाच्या टपरीवर एक कोसेवाला म्हणाला होता, "औंदा बाई कशी जाळते, तेच पाहतो."

त्याला शोधून आणण्यात आणखी एक दिवस गेला. पन्नाशीचा, काटक माणूस, डोक्याला पंचा गुंडाळलेला. मी टेबलावर हात आपटले, आवाज चढवला. तासाभराने त्यानेच मला विचारले, "साहेब, तुमी त्या नळीत पाहिलं का?"

"नाही."

"मीबी नाही. तीन सालं झाली, बाई नळीले डोया लावते अन् म्हणते, जाळा. माही अंडी! पोटच्या पोरावानी जपलेल्या कोशाची! मले एकडाव तरी दाखवाव का नाही?"

मला हे झोंबले. वरून आलेल्या कागदावर 'अयोग्य' एवढेच लिहून माझी बढती दोनदा अडवली होती. त्याचे कारण मलाही कोणी दाखवले नव्हते. मी आवाज खाली आणला आणि सौद्याला बसलो.

"यंत्र कुठं आहे सांग. तुला त्यात बघायला मिळेल."

"बाई दाखवन का?"

"मी दाखवायला लावीन."

"लिहून द्या."

"तुला वाचता येतं का?"

"माह्या पोरीले येते."

हवालदार हसला. मी त्याला डोळे वटारले आणि कोऱ्या कागदावर लिहून सही केली.

पंचांसमक्ष त्याच्या घरातल्या धानाच्या ढोलीतून पेटी निघाली. यंत्र लुगड्यात गुंडाळलेले, ओरखडासुद्धा नाही.

"फोडलं का नाहीस?"

"फोडून का भेटते? बाई दुसरी आणन."

खरी अडचण पुढे होती. जप्त मुद्देमाल सीलबंद करून ठाण्यात ठेवायचा आणि कोर्टाच्या हुकुमाशिवाय सोडायचा नाही, हा नियम. कोर्टाला दोन दिवस सुटी होती, अंड्यांना तीन दिवस उरले होते. मी सुपुर्दनामा लिहून यंत्र त्याच दिवशी बाईंच्या ताब्यात दिले आणि तशी डायरीत नोंद केली. आरोपीलाही पोलीस बंदोबस्तात केंद्रात नेले.

बाई भडकल्या. "ज्यानं चोरलं त्यालाच हात लावू देऊ?"

"तुमचं यंत्र मी याला दिलेल्या सहीवर परत आलंय," मी म्हणालो. "त्या सहीची किंमत ही आहे."

त्यांनी रागारागाने काच लावली. तो वाकला.

"केस दिसून राहिला. काया, मोठा."

बाईंना हसू आवरेना. "ती तुमची पापणी आहे, काका. डोळा थोडा वर घ्या."

बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. मग हळू म्हणाला, "कनीच कनी हाय. तांदयाची कनी सांडल्यावानी. चमकून राहिली."

"तोच रोग."

"अन् चांगली कशी दिसते?"

त्यांनी दुसरी काच लावली. तिच्यात तसे काही नव्हते. त्याने पुन्हा पहिली मागितली, पुन्हा दुसरी. मग आपल्या डब्यांचे नंबर सांगितले. त्याच्या एकतीस माद्या होत्या. बाई आधी पाहत, मग तो. दहाव्या काचेनंतर बाई काही बोलण्याआधीच तो सांगू लागला आणि एकदाच चुकला. सात डब्या रोगी निघाल्या. त्या त्याने स्वतः उचलल्या आणि मागच्या शेगडीत टाकल्या. बाकीची गावे त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंडी घेऊन गेली. त्या हंगामात किडे टिकले, कोसा चांगला आला.

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला आणि चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटला. हुकुमाआधी मुद्देमाल सोडल्याबद्दल मला ठपका मिळाला. तो रद्द व्हावा म्हणून मी तीन अर्ज केले, तिन्ही फेटाळले गेले. माझा राग अजून गेलेला नाही.

पुढच्या हंगामापासून बाईंनी यंत्रासमोर दुसरे स्टूल ठेवले. ज्याची डबी जळणार, त्याने आधी तिथे बसून पाहायचे. मीही त्यानंतर माझ्या ठाण्यात एक पद्धत पाडली. पंचनामा झाला की आरोपीला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा आणि त्याच्या विरुद्ध काय आहे ते त्याच्यासमोर टेबलावर मांडायचे. काही सहकारी म्हणत, याने आरोपी हुशार होतात. होतात. पण बरेच जण नीट पाहतात आणि मग खरे बोलतात.