बरणीतला वास

माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं, पन्नासच्या दशकातली गोष्ट. सासूबाईंची थोरली बहीण ब्रह्मपुरीहून बैलांच्या बंडीत बसून आमच्या गावी आली आणि पाण्याचा घोट घ्यायच्या आधीच म्हणाली, "मायची बरणी मले पायजे. मोठी पोरगी मी."

घरात चिनीमातीच्या बरण्या दोन. एक सासूबाईंच्या आईची, आतली चकाकी उडालेली, त्या रिकामीच झाकून ठेवत. दुसरी माझ्या माहेरची, लिंबाच्या लोणच्यानं भरलेली. बाहेरून दोन्ही सारख्याच.

आईची तेवढी एकच वस्तू सासूबाईंकडे उरली होती. पण थोरलीला नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती. "कोणती ते तूच ओळख, बाई," एवढंच त्या पडेल आवाजात म्हणाल्या.

मावससासूबाईंनी बाजारात मडकं घेताना वाजवतात तशा दोन्ही बरण्या वाजवल्या. भरलेली मुकी, रिकामी वाचाळ. त्यातून काय कळणार? मग पोटावरचा इंग्रजी ठसा मला वाचायला लावला. मला इंग्रजी ओ की ठो येत नव्हतं, पण अडाणी दिसू नये म्हणून 'दोन्हींवर एकच लिहिलंय' असं ठोकून दिलं.

शेवटी त्यांनी रिकाम्या बरणीत नाक घातलं आणि विंचू चावल्यासारख्या मागं सरल्या.

"मोहाची दारू! ही मायची बरणी नोहे. माय्या बाबानं जल्मात दारूले हात नाई लावला. तुळशीची माळ होती त्याच्या गळ्यात!"

"तू मोठी, बाई. तुले ठाऊक," सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या.

माझी बरणी लोणच्यासकट बंडीत चढली. मी नुसती धुमसत होते. बंडी दिसेनाशी झाल्यावर मी विचारलं, "माझी बरणी काऊन जाऊ दिली?"

सासूबाई खो खो हसत सुटल्या. थोरली नवव्या वर्षीच सासरी गेली. त्यानंतर बाबा संध्याकाळी माळ खुंटीला टांगायचे, आणि त्या बरणीतून मोहाची वाटी भरून द्यायचं काम धाकटीचं, म्हणजे सासूबाईंचं.

हसता हसता त्यांनी बरणीत तोंड घातलं आणि रडू लागल्या.

पुढं लिंबं आली तेव्हा मी ती बरणी मागितली. त्यांनी झाकण घट्ट दाबून धरलं.

"नको वो पोरी. लोणच्यानं बाबाचा वास जाईन."

त्या वर्षी आमच्याकडे लोणचं झालंच नाही. मी पुन्हा मागितलंही नाही.