नारळाला सांगून बघ

"तुका होया काय, तां आधी सांग! समुद्र अथांग आसा तां माकाय दिसता!"

तात्या ओरडत होते. समोर ग्रामपंचायतीचा नवा सदस्य बाळा घामाघूम उभा, आणि दोघांच्या मध्ये स्टुलावर एक नारळ. ओरडणं असं, की आमच्या वाडीतले कावळे जे उडाले ते थेट वैभववाडीत जाऊन उतरले आणि तिथूनही मान वळवून बघत होते म्हणे. बाळाला शाळेच्या कार्यक्रमात बोलायचं होतं. भाषण त्याने 'अथांग सागराच्या साक्षीने' सुरू केलं होतं आणि तिथेच तो बुडाला होता.

तात्या म्हणजे निवृत्त हेडमास्तर, माझे सख्खे शेजारी. आचऱ्यापासून खाडीपलीकडपर्यंत कुणालाही चार माणसांत बोलायचं असलं, की तो नारळ घेऊन तात्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, यायचा. नारळ कशाला? आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं घालणारा मोठ्याने सांगतो, 'बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक अमुक होया,' आणि जमलेली माणसं 'होय म्हाराजा!' म्हणून त्याला जोर देतात. तात्यांचं सगळं वक्तृत्वशास्त्र एवढंच.

"देवळात कोण देवाक देवाचो इतिहास सांगता रे? मागणा सांगता! लोकांनी 'होय म्हाराजा' म्हणूचा, असा एक वाक्य तुझ्याकडे आसा? एका दमात नारळाक सांग. नाय तर नारळ हय ठेव नि घराक जा."

वाक्य सांगितलं तर नारळ परत, नाही तर जप्त. आता एका दमात मागणं सांगणारा वक्ता आमच्या जिल्ह्यात क्वचितच जन्माला येतो. त्यामुळे तात्यांच्या घरात नारळ विकत आणलेला मी तरी पाहिला नाही. काकूंची सोलकढी वर्षानुवर्षं गावच्या बिनहेतूच्या भाषणांवर चालली.

आणि असा हा माणूस स्वतः आयुष्यात एकदाही स्टेजवर चढला नव्हता.

मग सरूबायचं प्रकरण झालं. सरूबाय मासे घेऊन फोंडाघाटच्या बाजारात जायची. पहाटेची एसटी गाडी बंद झाली, आणि तिची टोपली दुपारी पोचायला लागली. तोवर गिऱ्हाईकं जेवून झोपलेली आणि बांगडे त्यांच्याहून मऊ. अजून एक महिना असं चाललं तर धंदा सोडावा लागला असता. नेमक्या त्याच दिवसांत, गाडी नसलेल्या आमच्या थांब्यावर निवारा शेड बांधून झाली. उद्घाटनाला आगाराचे मोठे साहेब येणार होते.

सरूबाय खळ्यात आली आणि तिने नारळ स्टुलावर आदळला. "तात्यानू, तुमीच बोला. पण आधी ह्या नारळाक सांगा."

तात्या उभे राहिले. "सायबानू, पहाटेची गाडी परत सोडा." एका दमात!

त्यांनी ऐटीत नारळ पुढे केला. सरूबाय म्हणाली, "आता नको. भाषण झाल्यार नेतंय."

उद्घाटनाच्या दिवशी तात्यांच्या खांद्यावर शाल पडली, निवेदकाने त्यांना 'आपल्या मातीचा बुलंद आवाज' म्हटलं, समोर माईक आला. आणि काय सांगू! तात्या म्हणाले, "अथांग सागराच्या साक्षीने..." बाळा खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. पुढे तात्या वाट पाहण्यावर बोलले. होडीची वाट पाहणारी बायको, चाकरमान्याची वाट पाहणारी आई, अमृताची वाट पाहणारे देव. ओहोटी सुरू व्हायची होती, ती भाषण संपेपर्यंत थांबली. कुत्री बसून ऐकत होती. साहेबांनी दोन रुमाल भिजवले आणि तिसरा ड्रायव्हरकडून मागून घेतला. टाळ्या मालवणात ऐकू गेल्या. गाडीचं नाव मात्र तात्यांच्या तोंडून निघालं नाही.

भारावलेल्या साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "प्रतीक्षेचं एवढं मोल जाणणाऱ्या या गावाला आम्ही आणखी एक शेड देऊ!"

संध्याकाळी सरूबाय खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. तात्यांची शाल अजून खांद्यावर होती.

"बरा बोललात हां तात्यानू. माका रडू इला."

"नारळ ने गो तुझो," तात्या पुटपुटले.

"ऱ्हवांदे. काकूक सोलकढी करूक सांगा."

तात्यांवर कुणी ओरडलेलं मी ऐकलं नव्हतं, पण त्या सोलकढीएवढं जोरात त्यांना कुणीच कधी बोललं नसावं. रात्री ते जेवले नाहीत. सकाळी काकूंनी कोयता हातात घेतला होता, तेवढ्यात तात्यांनी नारळ उचलला आणि माझ्या मोटरसायकलवर मागे येऊन बसले. शाल नाही, टोपी नाही.

आगारात साहेबांनी त्यांना बघून दोन्ही हात जोडले, चहा सांगितला. तात्यांनी नारळ टेबलावर ठेवला, त्याच्याकडेच बघत म्हणाले, "पहाटेची गाडी परत सोडा," आणि बसले.

मी सवयीने मागून "होय म्हाराजा!" ओरडलो. बाहेरच्या बाकांवरच्या उतारूंनीही न विचारता साथ दिली.

साहेबांनी बेल दाबून कारकुनाला बोलावलं. चहा यायच्या आत काम झालं. सोमवारी पहाटे सरूबाय गाडीत टोपली चढवत होती, आणि जाताना तिने तात्यांच्या दारात दोन बांगडे ठेवले होते. तात्या जाईपर्यंत तो शिरस्ता तिने मोडला नाही.

आगारातून आम्ही निघालो तेव्हा साहेब दारापर्यंत आले. खरोखरच गोंधळले होते बिचारे.

"गुरुजी, एवढंच हवं होतं, तर त्या दिवशी का नाही बोललात?"

तात्यांनी नारळ काखेत मारला.

"त्या दिवशी भाषण होतं."