जिन्यावरची नववी ड

जिना मास्तरांचा विषय निघाला की मी चष्मा पुसायला घेतो. गेली कित्येक वर्षं हेच करतो आहे. त्यांची जुनी मुलं लिंबायतमध्ये रस्त्यात भेटतात. कुणाची आता रिक्षा आहे, कुणी कापड मार्केटमध्ये दुकानावर आहे. विचारतात, "नाना, आपल्या मास्तरांना इथून का हलवलं हो?" मी म्हणतो, "सरकारी काम, बाबा," आणि चष्मा काढतो. आता वय सत्तरीला आलं. जे झालं ते एकदा सरळ लिहून टाकतो.

मास्तरांचा वर्ग जिन्यावर भरायचा. आमचं कॉर्पोरेशनचं मराठी हायस्कूल, खोल्या दहा, आणि खानदेशातून इथं गुजरातेत कापडाच्या लूमवर आलेल्या घरांतली पोरं दरवर्षी वाढतच चाललेली. नववीच्या अ, ब, क तुकड्या खोल्यांत कोंबून झाल्यावर चौऱ्याहत्तर पोरं उरली. मास्तरांनी ती जिन्यावर बसवली आणि त्यांची नववी ड केली. पोरं पायऱ्यांवर, मास्तर खाली, फळा त्यांच्या मागच्या भिंतीला. "माझ्या वर्गात मागं बसणारा कुणी नाही," ते ऐटीत सांगायचे, "सगळे वर बसतात."

जिना एकच, त्यामुळे अख्खी शाळा त्यांच्या वर्गातूनच ये-जा करायची. मास्तरांनी नियम केला होता: वर्गातून जाणाऱ्यानं एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, मग पुढं व्हायचं. पाण्याचे जार आणणाऱ्याला पायथागोरसचा सिद्धान्त पाठ झाला होता. मुख्याध्यापक एकदा एकोणीसच्या पाढ्यात अडकले, तेव्हा त्यांना तिसऱ्या पायरीवर पंधरा मिनिटं उभं राहावं लागलं. त्या दिवसापासून ते वर्ग भरण्याआधी वर जायचे आणि शाळा सुटल्यावरच खाली यायचे. त्यांचा डबा दोरीनं वर जायचा. तो दोरीला बांधायचं काम माझं. मी हेडक्लार्क होतो.

आम्ही हसायचो. मास्तर हसत नसत. पलीकडच्या नवागाम वस्तीतल्या बऱ्याच मुली आठवीनंतर शाळा सोडतात, हे त्यांना सलत होतं. "इतकं चालत येऊन लेकीनं जिन्यावर बसायचं, हे कोणत्या आईला पटेल, नाना? त्यापेक्षा घरी बसून साड्यांना स्टोन लाव म्हणणार. मीही म्हटलं असतं." नवागामला एक मोकळा प्लॉट पडून होता. तिथं नवं हायस्कूल व्हावं म्हणून मास्तर संध्याकाळी घरोघर फिरून अर्जावर सह्या घ्यायचे. अंगठा मात्र चालायचा नाही. सही येत नसलेल्या आईला आधी सही शिकवायचे, मग घ्यायचे. त्यामुळे अर्ज पुरा व्हायला दोन वर्षं लागली.

अर्ज गेला आणि शाळेतच सभा ठरली. गर्दीवर चर्चा करायला जागा हवी म्हणून तीन वर्गांना सुट्टी दिली. वॉर्डातल्या एका पुढाऱ्याला त्याच प्लॉटवर लग्नाचा हॉल हवा होता. ते म्हणाले, "पोरं काय, शिकतील कुठंही. पण लग्नं कुठं लावायची?"

मागून एक बाई कडाडली, "आधी शिकू तर द्या! लगेच काय अक्षता टाकताय?"

एकानं तोडगा काढला, "शाळाच बांधा. फक्त वर्ग मोठे ठेवा आणि मागं आचाऱ्याला जागा द्या." यावर बरीच गंभीर चर्चा झाली. मग कुणीतरी म्हणालं, "मराठीत शिकून पोरं करणार काय? माझा तर घरातसुद्धा गुजरातीच बोलतो."

मास्तरांना राग आला की अहिराणी सुटायची. "मंग त्याले गुजराती शाळामा तरी जागा शे का?"

तो गृहस्थ खाली बसला, कारण तिथंही नव्हती. शेवटी असं ठरलं की कॉर्पोरेशनचे साहेब लोक येऊन गर्दी प्रत्यक्ष पाहतील आणि मगच निर्णय होईल.

साहेब येणार म्हटल्यावर तयारी माझ्याकडे आली. बत्तीस वर्षांची सवय. फिनेल, रांगोळी, स्वागतगीताच्या मुली, शाल, नारळ. आणि साहेबांच्या वाटेत पोरं आडवी यायला नकोत. साहेब पोरांची गर्दीच बघायला येताहेत हे मला माहीत होतं, पण साहेब म्हटलं की माझे हात आपोआप चालू लागत. शाळेमागच्या गल्लीत माझ्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. सकाळीच मी नववी ड मागच्या दारानं तिकडे पंगतीला पाठवून दिली. वऱ्हाडाला वाटलं ही मुलीकडची मंडळी, मुलीकडच्यांना वाटलं हे वऱ्हाड. दोन्हीकडच्यांनी आग्रह करकरून पोरांना वरण-बट्टी वाढली. रिकाम्या पायऱ्यांवर मी एकेक कुंडी मांडली.

मास्तर सकाळपासूनच साहेबांना आणायला गेटवर उभे होते. त्यांना घेऊन जिन्यापाशी आले आणि जागीच थांबले. मला हळूच म्हणाले, "नाना, पोरे कोठे गयात?"

मोठ्या साहेबांनीही मलाच विचारलं, "इथं वर्ग बसतो का?"

तेव्हा बोलायला हवं होतं. पण कागदावर नववी ड अकरा नंबरच्या खोलीत बसत होती. शाळेत खोल्या दहा. वरून विचारणा झाली तेव्हा ती अकरावी खोली मीच लिहून दिली होती, माझ्या अक्षरात. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मी म्हणालो, "नाही साहेब. इथं कुंड्या असतात."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. तोवर साहेब कुंड्यांमधून वाट काढत वर गेलेही.

अहवालात आलं की गर्दी आढळली नाही. उलट शाळेला सुशोभीकरणाचं प्रशस्तिपत्र मिळालं आणि कुंड्या जागच्या हलवू नयेत अशी सूचनाही आली. त्यामुळे दर पायरीवर एक पोर कमी मावायला लागलं. दिशाभूल केली म्हणून मास्तरांकडून खुलासा मागवला. त्यांनी खरं तेच लिहिलं: "त्या दिवशी माझा संपूर्ण वर्ग लग्नाला गेला होता." ऑफिसात तो मोठ्यानं वाचला गेला आणि सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. लग्न कुणाच्या घरचं होतं, पोरांना कुणी पाठवलं, हे पोरांनी त्यांना त्याच दिवशी सांगितलं असणार. खुलाशात माझं नाव नव्हतं.

महिन्याभरात त्यांची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इच्छापोरला झाली. जाताना एवढंच म्हणाले, "कुंड्यांना पाणी बेतानं घाला, नाना. पायरी ओली राहिली की पोरं घसरतात." नववी डमधल्या नवागामच्या नऊ मुली पुढच्या वर्षी दहावीला आल्याच नाहीत.

निवृत्त झाल्यावर मी एकदा इच्छापोरला गेलो, माफी मागायलाच. बसमध्ये वाक्य पाठ करत होतो: मास्तर, पोरं मी लपवली होती. तिथं मास्तरांना चांगली हवेशीर खोली मिळाली होती, बाकांसकट, पण ते तिच्यात परक्यासारखे उभे होते. "सपाट जागेवर मला पोरंच दिसत नाहीत," म्हणाले. मला बघून इतके खूश झाले, की सगळ्या शिक्षकांना बोलावून सांगितलं, "हे आमचे नाना. यांच्या जिवावर शाळा चालायची." मग मला बाजूला घेऊन विचारलं, "नवागामच्या प्लॉटचं काय झालं?"

प्लॉटवर त्याच आठवड्यात लग्नाच्या हॉलचं काम सुरू झालं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणालो, "पाया खणलाय, मास्तर."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. पाठ केलेलं वाक्य मी तसंच घरी घेऊन आलो.

दोन महिन्यांत मास्तर गेले. त्यांच्या घरी भेटायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही पायाचं सांगून गेलात ना, तेव्हापासून रोज तोच विषय. वीस खोल्या तरी पाहिजेत म्हणायचे. नाना, शाळा सुरू झाली की मला दाखवायला न्याल?"

मी म्हणालो, "हो वहिनी."

हॉल उभा राहून आता खूप वर्षं झाली. माझ्या नातीचं लग्न तिथंच लागलं. सोय उत्तम आहे. वहिनींचा दिवाळीला न चुकता फोन येतो. त्या कधी शाळेचं विचारत नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. दर वेळी मी ठरवून सुरुवात करतो, "वहिनी, मास्तरांच्या बाबतीत माझ्याकडून एक..."

"हं, बोला ना नाना."

"काही नाही," मी म्हणतो. "गुडघे कसे आहेत तुमचे?"