लुगड्यावरची चिठ्ठी

भोरच्या पेठेत पुण्याच्या एका कापडवाल्यानं शाखा काढली आणि तिच्यावर मला नेमलं, तेव्हा मी पंचवीस वर्षांचा असेन. डोकं अगदी हवेत! वाईला, सासवडला, शिरवळला याच मालकांची दुकानं होती. सगळीकडे तीच हिरवी पाटी, तसंच काचेचं कपाट, आणि प्रत्येक कापडाला टाचणीनं टोचलेली भावाची चिठ्ठी. पाटीवर ठळक अक्षरांत ‘एकच भाव’. घासाघीस बंद. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट ही. आमच्या भागात असलं दुकान कुणी पाहिलेलं नव्हतं. माणसं नुसती बघायला यायची.

त्याआधी पाच वर्षं मी त्याच पेठेत एका म्हाताऱ्या शेटजींच्या गादीवर कापड फाडत होतो. शेटजी गिऱ्हाइकाचा चेहरा बघून भाव सांगायचे. डोंगरातला भोळा माणूस दिसला की दीडपट. मला त्याची भयंकर चीड यायची. म्हणून ही चिठ्ठी मला देवाच्या अंगाऱ्यासारखी वाटली, खोटं कशाला सांगू?

पण शेटजींची आणखी एक रीत होती, ती मी सोयीस्करपणे विसरलो. लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचं सगळं कापड घ्यायला, दोन्हीकडची माणसं एकत्र येत. विहिणीला द्यायचं लुगडं मुलीच्या बापानं सगळ्यांच्या देखत घ्यायचं. अशा वेळी शेटजी भाव तोंडानं बोलतच नसत. उपरण्याखाली मुलीच्या बापाचा हात धरायचे, बोटं दाबून आकडा ठरवायचे आणि मोठ्यानं फक्त एवढंच म्हणायचे, “वा पाव्हणं, झकास काढलंत हो!” विहीण खूश, आणि बापाची ऐपत उपरण्याखालीच राहायची.

तर एकदा डोंगरातल्या पासली गावचे एक शेतकरी भर दुपारी एकटेच दुकानात आले. मुलीचं लग्न भोंगवलीला ठरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सोयरे बस्त्याला इथंच, या नव्या दुकानात, यायचं म्हणत होते. त्यांनी बराच वेळ लुगडी चाळली. एक अंजिरी रंगाचं बाजूला काढलं. स्वस्तातलंच, पण दिसायला छान. मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले,

“मालक, ह्ये इहिणीसाठी धरलंय. यवडी चिठ्ठी काडून ठिवा. पैसं चिठ्ठीपरमानंच घ्या, एक पै कमी करू नका. औंदा भात समदं आडवं झालं, न्हाईतर म्या असं बोललो नसतो.”

“मामा,” मी म्हणालो, “इथं लपवाछपवी चालत नाही. सगळ्यांना एकच भाव. त्यात लाजायचं काय?”

पुण्याहून तपासनीस न सांगता टपकायचा, आणि चिठ्ठीशिवाय कापड सापडलं तर माझी धडगत नव्हती, हे खरं. पण त्या घटकेला मला नोकरीची भीती वाटली म्हणून मी नाही म्हणालो, असं नाही. मला अक्कल शिकवायची हौस आली होती. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी मेला प्रामाणिकपणा शिकवत होतो! त्यांनी ते अंजिरी लुगडं परत घडी करून ठेवलं. “बरं,” म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दहा-बारा माणसं आली. आमच्याकडे गादी नव्हती, तक्के नव्हते, म्हणून सगळी काउंटरपुढे उभी. खरेदी बरी चालली होती. मुलीच्या आईनं स्वतःसाठी एक साधं निळं लुगडं निवडून काखेत धरलं होतं. मग अंजिरी लुगडं पुढं आलं. विहीणबाईंनी पदरावरून हात फिरवला. “रंग लई ग्वाड हाय,” म्हणाल्या. मुलीच्या बापाचा चेहरा खुलला.

तेवढ्यात विहीणबाईंच्या भावानं ती चिठ्ठी उचलली. हा गडी शाळा शिकलेला. त्यानं आकडा मोठ्यानं वाचला. मग शेजारच्या लुगड्याचा वाचला, मग वरच्या फळीवरचा वाचला.

“अक्का, ह्ये समद्यात खालचं हाय गं.”

विहीणबाईंनी हात मागं घेतला. मुलीचे वडील माझ्याकडे बघत होते, आणि मी कात्रीकडे.

मुलीची आई पुढं झाली. काखेतलं निळं लुगडं तिनं काउंटरवर ठेवून माझ्याकडे सरकवलं. “ह्ये ऱ्हाऊ द्या. घरी पेटीत हाईत मला. इहीणबाईस्नी त्ये वरलं काडा.”

पेटीत काही नव्हतं, हे दुकानातल्या प्रत्येकाला कळलं. मी निळं लुगडं घडी घालून फळीवर ठेवलं आणि वरचं भारीतलं काढून दिलं. महागातला माल खपवला म्हणून पुण्याहून शाबासकीचं पत्रसुद्धा आलं, घ्या!

लग्न लागलं. मुलीची आई धुतलेल्या जुन्या लुगड्यात मांडवाच्या कडेला उभी होती, अक्षतांनाही पुढं आली नाही, असं वेल्ह्याच्या एका गिऱ्हाइकानं सहज बोलता बोलता सांगितलं. त्या दिवशी मला जेवण जाईना. महिनाभरानं पगार झाल्यावर ते निळं लुगडं मी स्वतः विकत घेतलं, चिठ्ठी काढून टाकली, आणि डोंगर चढून पासलीला गेलो.

बाई अंगणात भात पाखडत होत्या. मला ओळखलं. ताक दिलं, बसायला घोंगडी टाकली. मी लुगडं पुढं केलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, काठावरून एकदा बोट फिरवलं आणि परत माझ्या हातात दिलं.

“लगीन झालं की, दादा. आता कुनाला दावायचं?”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चार शिव्या खाऊन मोकळा तरी झालो असतो. मी लुगडं काखेत मारून उठलो. त्यांचे यजमान मला ओढ्यापर्यंत सोडायला आले. वाटेत पिकापाण्याचंच बोलले. ओढ्याशी मात्र थांबले.

“मालक, म्होरल्या साली धाकलीचं करायचं हाय,” ते म्हणाले. “तवा तरी चिठ्ठी काडाल का?”

एक ‘हो’ म्हणायला काय झालं होतं मला? पण पुण्याचे मालक डोळ्यांपुढे आले, तपासनीस आला, आणि मी म्हणालो, “बघू.”

“व्हय, बगा,” ते म्हणाले आणि माघारी वळले.