खांब आणि पळपुट्या

माझ्याकडे अण्णांचा आवाज सव्वा मिनिट आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. तासन्‌तास आवाज होता माझ्याकडे, घरातल्या टेपरेकॉर्डरमध्ये होता, आणि तो मी माझ्याच हातानं पुसला. एकदा नाही, सात-आठ वेळा. कशासाठी, तर दोन अमेरिकन पोरं चेंडू कशी फेकतात हे ओरडून सांगण्यासाठी. कुणाला सांगितलं तर हसतात. हसू देत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत पार्सिपनीला एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. हे सकाळी ऑफिसला निघून जायचे, मुलगी प्रीस्कूलला जायची, आणि मी घरात. अण्णा सांगलीला. आयुष्यभर शाळामास्तर, आणि शाळेतल्या मुलींचा खो-खोचा संघ त्यांच्या हाताखाली तयार झालेला. मीही त्याच संघातली. रिटायर होईपर्यंत काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. पहिल्यांदा इंडियाला गेलो तेव्हा त्यांच्यासाठी टेपरेकॉर्डर नेला होता. निघताना म्हणाले, "आता पत्र पाठवू नकोस. तुझा भाऊ वाचून दाखवतो, पण रेशन कार्डावरची नावं वाचावीत तसं वाचतो. तू बोल आणि कॅसेट पाठव."

बोल म्हणजे काय बोल? एका रविवारी दुपारी टेपरेकॉर्डर समोर घेऊन बसले. आम्ही सुखरूप आहोत, थंडी फार आहे, छोटी आता अख्खी पोळी खाते. दोन मिनिटांत माझं बोलणं संपलं. तेवढ्यात भात लागल्याचा वास आला म्हणून मी उठले, आणि टेप तशीच चालू राहिली. मागं टीव्हीवर फुटबॉल चालला होता. कॅसेट तशीच पाठवून दिली.

दीड महिन्यानं त्याच कॅसेटवर अण्णांचं उत्तर आलं. थंडी नाही, पोळी नाही, पहिलाच प्रश्न, "ते मागं लोक कशाला बोंबलत होते?"

झालं. तिथून सगळं सुरू झालं.

आता मलाच कुठं काय कळत होतं? खालच्या मजल्यावर एक रिटायर झालेले आजोबा राहायचे, त्यांच्याकडून नियम समजून घेतले आणि अण्णांना सांगितले. या खेळाला फुटबॉल म्हणतात, पण खेळतात हातानं. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. दर वेळी चेंडू एका गड्याच्या हातात येतो, त्याला म्हणतात क्वार्टरबॅक. समोरून म्हशीएवढी माणसं त्याला आडवं करायला धावतात, त्याची माणसं त्यांना अडवतात, आणि तीन-चार सेकंदांत त्यानं ठरवायचं, चेंडू कुणाला फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचं. अण्णा म्हणाले, "म्हणजे सगळा खेळ त्या एकट्याच्या डोक्यात. मला त्याचं सांग. बाकीच्यांची कुस्ती राहू दे."

त्या सुमाराला दोन संघांत दोन नवी पोरं आली होती. दोघंही कोवळी. हेल्मेट काढलं की कॉलेजच्या कट्ट्यावरची वाटायची. पहिला उंच, शांत. चारी बाजूंनी माणसं कोसळत असली तरी हा जागचा हलायचा नाही. चेंडू कानाजवळ धरून उभा. मी त्याचं नाव ठेवलं खांब. दुसरा बुटका आणि भलताच चुळबुळ्या. चेंडू हातात आला की निघालाच. डावीकडं, उजवीकडं, कधी उलटा मागंच. त्याचं नाव अण्णांनी ठेवलं, पळपुट्या. आणि नाव ठेवून वर त्याचीच बाजू घेतली!

मी खांबाची. मला त्याचं ते उभं राहणं फार आवडायचं. तो डावीकडं बघायचा, बघत राहायचा, सगळे तिकडं धावायचे, आणि चेंडू जायचा उजवीकडं. फेकताना अंगावर कोण येतंय हे त्याला दिसत असायचं, तरी पाय मागं घ्यायचा नाही. आडवा झाला की सावकाश उठायचा, हनुवटीखालचा पट्टा नीट करायचा, आणि कुणाकडं न बघता परत जागेवर. मी म्हणायची, अण्णा, बघा, याला म्हणतात हिंमत.

मी "बघा" म्हणून गेले आणि जीभ चावली. पुढच्या टेपमध्ये "ऐका" म्हणू लागले. अण्णांनी झापलं. "बघा म्हण. ऐका म्हटलंस की मी म्हातारा होतो."

आणि काय एकेक विचारायचे! "फेकताना डावा पाय कुठं होता? खांदा आधी वळतो की कंबर? पळपुट्या वळायच्या आधी मान खाली घालतो का?" कपाळ माझं, मला काय माहीत? मग पुढच्या रविवारी मी टीव्हीपासून हातभर अंतरावर बसायची. सहा महिन्यांत मी असली तयार झाले की चेंडू सुटायच्या आधी सांगायची, हा चुकणार, वजन मागच्या पायावर आहे. खालचे आजोबा बघतच राहिले. आमची छोटी मात्र वैतागायची. "मॉम, व्हाय आर यू यलिंग?" म्हणायची, आणि कानावर उशी घेऊन आत जायची. ह्यांना तर रविवारची झोप प्यारी. मी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन एकटीच बोलत बसायची, आणि शप्पत सांगते, तेवढे तीन तास मला ते घर परकं वाटायचं नाही.

आमचं भांडण जोरात चालायचं. मी म्हणायची, तुमचा पळपुट्या घाबरट आहे. पायाखालची जमीन गरम झाल्यासारखा नाचतो. धावता धावता उलट्या पायावर फेकतो आणि चेंडू सरळ शत्रूच्या हातात नेऊन देतो. अण्णा खो खो हसायचे. म्हणायचे, "अगं, तुझा खांब पाठ केलेलं गणित सोडवतो. चोख सोडवतो, मान्य. पण गणित बदललं की थांबतो. माझं पोरगं गणित बघून जागेवर रीत काढतं." मी विचारलं, आणि रीत चुकली तर? ते म्हणाले, "चुकू दे की. शिकतंय अजून. पण हुल कशी देतो तेवढं सांग. आपल्या संघातली ती खालच्या आळीची पोरगी द्यायची, तशी देतो का? नजर एकीकडं आणि टाच दुसरीकडं?" मी नीट बघितलं. अगदी तशीच द्यायचा. पण मी त्यांना ते दोन कॅसेटी सांगितलं नाही, उगाच चढून बसले असते.

दोन कॅसेटी म्हणतेय खरी, पण कॅसेट एकच होती. अण्णांचा तसा नियम होता. इथं दुकानात कॅसेटींचे ढीग पडलेले असायचे. मी एकदा सहाचं पाकीट पोस्टानं पाठवलं, तर ते त्यांनी शेजारच्या भजनी मंडळाला देऊन टाकलं. म्हणाले, "आपल्याला एक पुरे. पाटी कशी, पुसायची आणि पुन्हा लिहायचं. साठवून काय लोणचं घालायचंय?" मग मी बोलायची, ती कॅसेट तीन आठवड्यांनी सांगलीला पोचायची, ते ऐकायचे आणि त्यावरच उत्तर भरायचे. ती परत आली की मी ऐकायची, आणि रविवार आला की लाल बटण दाबायची. त्यांचा आवाज पुसला जातोय हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण पुढचा येणारच होता ना. आणि पुढच्या उन्हाळ्यात आम्हीही जाणारच होतो. दर वर्षी पुढच्या उन्हाळ्यात जाणार होतो.

शेवटची कॅसेट डिसेंबरात आली. खांबाचा संघ आणि पळपुट्याचा संघ आता समोरासमोर येणार होते, हरेल त्याचं वर्ष संपलं. सामन्याची तारीख मोसमाच्या सुरुवातीलाच ठरलेली असते, म्हणून ती मी आधीच कळवली होती. अण्णांनी बजावलं, "सगळं सांग. एकही डाव सोडू नकोस. आणि माझा जिंकला तर तोंड पाडू नकोस." मी ती ऐकली तेव्हा मिक्सरवर चटणी वाटत होते. अर्धं ऐकलं, अर्धं नाही. म्हटलं, नंतर पुन्हा ऐकू.

पुन्हा ऐकायचं राहिलं, तोवर सामना आला. मी त्यांच्या आवाजावर बोलायला लागले. काय खेळली हो दोघं! बर्फ पडत होता, चेंडू निसटत होता, आणि खांब उभा होता. शेवटच्या मिनिटांत त्याला चेंडू सोडायला वेळ होता, पण त्याचा माणूस अजून मोकळा व्हायचा होता, म्हणून तो थांबला. एक सेकंद जास्त थांबला. दोघांनी मिळून त्याला असा आपटला की मी टेपवर किंचाळले, "मेल्यांनो!" तो उठला, पण त्याला धरून बाहेर न्यावं लागलं. मग पळपुट्या आला. तीन माणसं अंगावर, त्यानं डावीकडं बघितलं, टाच उजवीकडं वळवली, तिघंही बर्फात लोळली, आणि हा एकटा पळत सुटला. अण्णांचा पोरगा जिंकला.

मी चिडून बटण बंद केलं. कॅसेटच्या शेवटी थोडीशी फीत उरली होती. म्हटलं, राग गेला की त्यावर घरचं दोन शब्द बोलू आणि मग पाठवू. आई कशी आहे, गुडघा कसा आहे, असलं काहीतरी. आणि कॅसेट ड्रॉवरमध्ये ठेवली. मग छोटीला कांजिण्या आल्या. मग मंडळाचं हळदीकुंकू माझ्याकडे आलं. आणि खरं सांगायचं तर मलाच घाई नव्हती. अण्णा कसे चिडवणार हे मला इथं बसून ऐकू येत होतं. पाच आठवडे ती कॅसेट ड्रॉवरमध्ये पडून राहिली. शेवटी न बोलताच पाकिटात घातली आणि पोस्टात टाकली.

ती वाटेत असताना भावाचा फोन आला. अण्णा सकाळी खुर्चीतच गेले.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. पाकीट माझ्या आधी दोन दिवस पोचलं होतं. आईनं ते न फोडता टेपरेकॉर्डरवर ठेवलं होतं, माझ्या अक्षरातला पत्ता वर करून. म्हणाली, "रोज विचारायचे गं, कॅसेट आली का. म्हणायचे, माझा हरला असणार, नाहीतर हिनं फोन केला असता."

अहो अण्णा, तुमचा जिंकला होता. एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं माझं?

ते पाकीट मी तसंच परत पार्सिपनीला आणलं. सप्टेंबरात पुन्हा खेळ सुरू झाले. एका रविवारी खांब मैदानात आला, बरा होऊन, तसाच उभा. सवयीनं माझा हात टेपरेकॉर्डरकडं गेला आणि माझ्या लक्षात आलं, आता डावा पाय कुठं होता हे कुणीच विचारणार नाही. मी टीव्ही बंद केला. पाकीट फोडलं आणि कॅसेट लावली. माझाच आवाज. माझाच आरडाओरडा, किंचाळणं, मग रागानं बटण दाबल्याचा खट्ट आवाज.

आणि त्या खट्टनंतर अण्णा बोलायला लागले.

उरलेल्या फितीवर, जिथं मी काही भरलंच नव्हतं, तिथं डिसेंबरातले अण्णा होते. चटणी वाटताना निम्मे न ऐकलेले.

"...तू मला दाखवतेस, आज मी तुला दाखवतो. जमतंय का बघ. मी व्हरांड्यात आहे. डावीकडनं तुझी आई आली. पावलं हळू, म्हणजे कप काठोकाठ भरलाय. समोरून मांजर. हुल दिली! आई फसली नाही, चहा वाचला. आता फाटक वाजलं. कोण आहे? कोणी नाही, वारा. फाटक वाजलं की मला अजून तूच वाटतेस, दप्तर फेकत आलीस असं वाटतं. फार आठवण येते पोरी. ये एकदा. बरं, माझं बोट बटणावर आहे, फीत संपत आली असेल. माझं झालं. आता तू बोल."

मग फीत संपते.

ती दोघं कधीच रिटायर झाली, तरी दर वर्षी त्यांच्या संघांचा पहिला सामना असतो त्या रविवारी मी ती कॅसेट लावते. सव्वा मिनिट. "आता तू बोल" म्हणतात, आणि माझं बोट लाल बटणापाशी जातं. मी ते दाबत नाही. पण बोलते. नुसतीच, मोठ्यानं, रिकाम्या खोलीत. अण्णा, बघा, वजन पुढच्या पायावर आहे, खांदा वळला, आणि तुमचं पोरगं निघालं.