हन्नाबींसाठी केलेली खुर्ची

आयुष्यभर मी बोटभर उंचीच्या ब्राँझच्या बायका घडवल्या. भात कांडणाऱ्या, नारळ खोवणाऱ्या, बाळाला तेल चोळणाऱ्या, आईच्या तोंडून ऐकलेल्या कोकणातल्या बायका. आम्ही कोकणातून इस्राएलला आलेले ज्यू; डिमोना गावातल्या आमच्या घरी फळीवर त्यांची नुसती दाटी. "आपन बेने इस्राएल, मूर्त्या करनारी मानसं न्हाय," असं आई कुरकुरायची आणि मी हसण्यावारी न्यायची. पण माझी मुलगी सातव्या महिन्यात बेरशेबाच्या इस्पितळात आडवी पडली, पोटातल्या बाळाची हालचाल मंदावली, तेव्हा माझं हसू आटलं. आईचंच खरं असलं तर? प्रार्थनेला बसले की नजर फळीकडेच जायची. फळीवरच्या बायका माझ्याकडे टक लावून बघताहेत असं वाटू लागलं, म्हणून मी सगळ्यांची तोंडं भिंतीकडे फिरवली. सकाळी एखादी वळलेली असायची. मीच विसरले असेन, असं म्हणून मी तिला पुन्हा फिरवायची.

आई म्हणाली, "अगो, एलियाहू हन्नाबीला मलिदा बोल. आन तुजे हात जरा गप ठेव." मी मलिद्याचा नवस बोलले. हात मात्र गप बसेनात. आमच्यात मुलाच्या सुंतेच्या वेळी एक खुर्ची हन्नाबींसाठी, म्हणजे अडल्यानडल्याला धावून येणाऱ्या आमच्या प्रेषितांसाठी, रिकामी ठेवतात; ते न दिसता येऊन बसतात म्हणे. तीच मी मेणात करायला घेतली, चार पाय, पाठ आणि सपाट, गुळगुळीत बैठक. वर कुणी बसवायचं नव्हतं, त्यामुळे आईलाही बोलायला जागा नव्हती. तरी जन्मालाही न आलेल्या मुलासाठी हे करतेय म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

ओतकाम जवळच्या येरुहाम गावी एका जुन्या शेडमध्ये व्हायचं. साच्याला आच दिली की आतलं मेण वितळून वाहून जातं आणि उरलेल्या पोकळीत धातू ओततात. त्या दुपारी वाळूचं वादळ सुटलं होतं, उजेड तांबूस झाला होता. साचा भट्टीत तापत होता आणि मी बाहेरच्या बाकावर मुलीच्या काळजीने बसले होते. शेजारी कधी कोण येऊन बसलं, कळलं नाही. म्हातारे गृहस्थ, अंगावर जाडा कोट, आणि एवढ्या वादळात त्यावर धुळीचा कण नव्हता. त्यांनी पाणी मागितलं, ते मी दिलं. पिऊन झाल्यावर आमच्याच मराठीत म्हणाले, "बसाया केलीस ना, बाय? मंग बसू दे. तू नुसती मोकली ठेव."

आतून भट्टीवाल्याने हाक मारली म्हणून मी वळून बघितलं, तेवढ्यात बाक रिकामा. भट्टीवाल्याने खिडकीतून फक्त मलाच पाहिलं होतं.

साचा फोडला तर खुर्ची छान उतरली होती, पण बैठकीच्या मधोमध मऊसा खोलगटपणा आला होता, कुणी बराच वेळ बसून उठावं तसा. भट्टीवाला म्हणाला, जाड भागात धातू निवताना खचतो. ते मलाही ठाऊक आहे. रुमालात गुंडाळून मी तशीच बेरशेबाच्या बसमध्ये चढले. खुर्चीचे पाय केव्हाच गार पडले, बैठक मात्र इस्पितळाच्या दारापर्यंत माझ्या तळहाताला कोमट लागत होती.

मुलगी उशीला टेकून बसली होती. मला बघताच हिब्रूत ओरडली, "इमा, तो लाथा मारतोय!" मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि तिथेच ढसाढसा रडले.

नातू लवकर आला, मूठभर होता, म्हणून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत सुंता लांबली. सुंतेच्या दिवशी गूळखोबऱ्याच्या पोह्यांचा मलिदा झाला, फळं मांडली आणि मोठ्या रिकाम्या खुर्चीवर मी माझी इवलीशी खुर्ची ठेवली. आईने त्या खोलगट जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे बुजवू नको हां." पुढे माझ्या बायकांवरून ती कधीच बोलली नाही.

आता त्या सगळ्या पुन्हा खोलीकडे तोंड करून उभ्या आहेत, मधे ती खुर्ची. हाताखाली येईल ते आपल्या मनासारखं घडवायची मला सवय होती. त्या बाळाचं मात्र माझ्या हातात काही नव्हतं, आणि ज्याच्या हातात होतं त्याने ते सांभाळलं. त्याचे उपकार मी कसे फेडणार? मी जागा तेवढी मोकळी ठेवते. आमच्याकडे वाळवंटाची धूळ कशालाच सोडत नाही, रोज सकाळी मी एकेक बाई पुसून ठेवते. खुर्चीचे पाय पुसते, पाठ पुसते. बैठक पुसायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.