लच्छूनं केलेला बेस

सुरेंद्रच्या अंगणात विकायला ठेवलेल्या बेसवरचा कागद वाचून लच्छूचं माथं भणाणलं. ‘बेस गिटार. विलायती. महोगनी लाकूड. कारागीर अज्ञात.’ अज्ञात म्हणे! अन् कारागीर समोर उभा, पाठीत वाकलेला, पण धडधडीत जिवंत.

वडशाच्या लच्छूनं जन्मभर ढोलक्यांची खोडं कोरली. चाळीस वर्षांपूर्वी नाटकमंडळीतले वादक गुणवंतराव एक फोटो घेऊन आले अन् म्हणाले, असा चार तारांचा बेस करून दे, विजेचे भाग मी नागपूरहून आणतो. लच्छूनं बेस कधी पाहिला नव्हता. पण लाकूड त्याला कळे. बोटाच्या पेरानं ठोकायचं, कान लावायचा. बोललं तर घ्यायचं, नाही तर चुलीत. धडाला शिवणीचं हलकं लाकूड, मानेला मोडक्या बैलगाडीचं बीजाचं लाकूड, वर शिसवाची पट्टी. तीस पावसाळे खाल्लेलं गाडीचं लाकूड आता वाकडं होणार नाही, हा त्याचा हिशोब.

घोडचूक एकच झाली. ढोलकीवालाच तो! सवयीनं धडही आतून पोकळ कोरलं. ह्या गिटारीचं धड भरीव असतं, हे त्याला कोण सांगणार? पहिल्याच प्रयोगात स्पीकरसमोर बेस असा घुमला की नाटकातला राजा आपला संवाद विसरला. मग गुणवंतरावांनी बेसच्या पोटात कापूस कोंबला अन् तोच तीस वर्षं वाजवला.

गुणवंतराव गेले. त्यांचा मुलगा सुरेंद्र आता बेस विकायला निघाला होता. तो कागद लिहिणारा अंकुश, नागपूरचा जुन्या वाद्यांचा व्यापारी, त्या पोकळीचंच कौतुक करत बसला होता. परदेशी कारागिराचं डोकं पाहा, म्हणे. लच्छूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव तर खाल्लंच, मेल्यानं चूकसुद्धा विलायतेला देऊन टाकली!

मान बीजाची आहे, असं लच्छूनं सांगितलं, तर अंकुश हसला. लच्छूनं मानेच्या बुडाशी झाकणाखालचा थोडा किस पटाशीनं काढून पाण्याच्या पेल्यात टाकला. ह्या झाडीपट्टीत साखरेच्या आजाराचे रोगी बीजाच्याच लाकडाचं पाणी पितात, इथं ते कोणाला ठाऊक नाही? थोड्या वेळानं पेला उन्हात धरला, तर पाण्यात बीजाची ती निळी झाक.

अंकुशनं लाकूड मानलं. पण गावच्या सुताराच्या नावानं हा घेईल कोण, असं विचारून त्यानं कागद होता तसाच ठेवला.

लच्छू सुरेंद्रकडे वळला. “तुले तं सारं ठाऊक हाये. काऊन बोलून नाई राह्यला?”

सुरेंद्रनं मान खाली घातली. “बाबाच विलायती सांगे, काका. गावचा म्हटलं तं मोठ्या गावचे लोक बलावत नाई, म्हणे.”

लच्छू खाली बसला. तीस वर्षं गुणवंतरावांनी त्याला नाटकाला पहिल्या रांगेत बसवलं होतं, स्वतःच्या हातानं पान दिलं होतं. अन् त्याच मांडवात हे खोटं सांगत होते! मेलेल्या माणसाशी भांडावं तरी कसं?

सुरेंद्रनं बेस उचलून पालथा त्याच्या मांडीवर ठेवला. नाव कोरलं तर मी घेणार नाही, अशी धमकी अंकुशनं दिली. नका घेऊ, म्हणत सुरेंद्रनं दोन्ही हातांनी बेसची मान घट्ट धरली.

लच्छू दुसरीपर्यंतच शिकलेला. नाव अन् गाव कोरता कोरता दुपार गेली. खाली बाबाचंही नाव घालता का, असं सुरेंद्रनं हळूच विचारलं.

“नाई,” लच्छू म्हणाला. “त्यानं वाजवला. केला म्या.”